एरिबेर्तो ओकाम्पोस यांची बचत

पराग्वेच्या राजधानीला खेटून असलेल्या आमच्या लुके शहरात कोणतंही सरकारी काम ओळखपत्राच्या झेरॉक्सशिवाय सुरू होत नाही आणि झेरॉक्सच्या झेरॉक्सशिवाय संपत नाही. मूळ ओळखपत्र पुढे केलं तर खिडकीतला माणूस ते हातातही घेत नाही. अस्सल वस्तूवर विश्वास कसा ठेवायचा, असा त्याचा रास्त सवाल असतो.

एरिबेर्तो ओकाम्पोस यांनी उभी नोकरी अशाच एका खिडकीत काढली. जमीन-मोजणी विभागात बसून त्यांनी लोकांकडून प्रती मागितल्या, कमी भरल्या म्हणून परत पाठवलं, जास्त झाल्या म्हणूनही परत पाठवलं. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी त्याच प्रती स्वतःला द्यायची वेळ आली, तेव्हा या व्यवस्थेत काहीतरी अन्याय आहे हे त्यांच्या प्रथमच ध्यानात आलं.

आळीच्या कोपऱ्यावर न्या सेल्वाचं झेरॉक्सचं दुकान होतं. आमच्याकडे मान द्यायचा तर बाईला न्या म्हणतात आणि पुरुषाला कराई. दुकान म्हणजे तिच्या बैठकीच्या खोलीची खिडकी. आत एक जुनं यंत्र, ज्याला ती 'म्हातारा' म्हणायची. बाहेर झाडाखाली एक बाक. म्हातारा खोकत खोकत प्रत काढेपर्यंत न्या सेल्वा थंडगार तेरेरेचा, म्हणजे पाल्याच्या गार चहाचा, पेला पुढे करायची. तो फिरवत फिरवत कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं, सगळं कळायचं. बातम्यांचे ती वेगळे पैसे घेत नसे.

पेन्शनच्या प्रती काढून आल्यावर एरिबेर्तो आंब्याखाली खुर्ची टाकून बसले आणि बराच वेळ आकडेमोड करत राहिले.

"देओलिंदा, ही बाई आपल्याला लुटतेय."

"कोण बाई?" त्यांच्या बायकोने आतून विचारलं.

"न्या सेल्वा. पानामागे किती घेते ठाऊक आहे?"

"आणि पेल्यामागे किती घेते? दोन पानं काढायला जातोस आणि तिचा अख्खा थर्मास रिकामा करून येतोस."

पण एरिबेर्तोंचा निर्णय झाला होता. घरात प्रिंटर येणार होता, आणि असा, की ज्याचा रोजचा खर्च परवडेल. आधी अभ्यास मग खरेदी, हे त्यांच्या विभागाचं तत्त्व होतं. या तत्त्वामुळे विभागात कधीच काही खरेदी झालं नव्हतं.

मोठ्या दुकानात एदगार नावाचा विक्रेता भर उन्हाळ्यात टाय बांधून उभा होता. त्याने सर्वांत स्वस्त प्रिंटरवर हात ठेवला.

"आणि याची शाई?" एरिबेर्तोंनी विचारलं.

घरात कोणी आजारी असताना आणतात तसा एदगारने आवाज खाली आणला. "शाई जरा यंत्रापेक्षा महाग आहे, कराई. पण नव्या यंत्रासोबत थोडी शाई येते."

"म्हणजे शाई संपली की नवं यंत्रच घेतलेलं परवडेल?"

"आम्ही तसं सुचवत नाही," एदगार म्हणाला. "गिऱ्हाइकांना आपोआप सुचतं."

एरिबेर्तोंचा मेहुणा सिरिलो याला ते पूर्वीच सुचलं होतं. अभ्यासाचा भाग म्हणून एरिबेर्तो त्याच्याकडे गेले. परसात प्रिंटरांची रांग मांडलेली होती आणि कागदाच्या खणांत कोंबड्या बसल्या होत्या.

"हा बघ," सिरिलो कौतुकाने ओळख करून देऊ लागला, "याची पिवळी शाई संपली म्हणून हा काळं छापत नाही. याला मी बाहेरची शाई पाजली, तेव्हापासून अबोला धरलाय. आणि हा महिन्याच्या वर्गणीवरचा. पोटात शाई भरलेली आहे, पण माझी वर्गणी चुकली हे त्याला कंपनीकडून कळतं, आणि मग हा संपावर जातो."

"मग तू छापतोस कशावर?"

"न्या सेल्वाकडे," सिरिलो म्हणाला. "पण अंडी छान मोठी येतात."

एरिबेर्तो पुन्हा दुकानात गेले. या वेळी एदगारने त्यांना बाटलीने शाई ओतायचा, झेरॉक्सही काढणारा प्रिंटर दाखवला. यंत्र महाग होतं, पण पान जवळजवळ फुकट पडेल असं तो म्हणाला.

"जवळजवळ म्हणजे किती?"

एदगारने कॅल्क्युलेटर त्यांच्यापुढे धरला. तो आकडा पाहिला आणि निवृत्तीच्या दिवशी कोरडे राहिलेले एरिबेर्तोंचे डोळे भरून आले.

"फक्त एक आहे," पैसे मोजून झाल्यावर एदगार म्हणाला. "हा दर भरपूर छापणाऱ्यांसाठी. जितकं जास्त छापाल तितकं पान स्वस्त. कमी छापलंत तर महागात पडेल. आणि छापलंच नाहीत तर शाई वाळून बसते. मग यंत्र स्वतःला धुतं."

"कशाने?"

"शाईनेच."

पहिल्या महिन्यात ओकाम्पोस कुटुंबाने ओळखपत्राच्या चार-दोन प्रती काढल्या. महिनाअखेरीस एरिबेर्तोंनी यंत्राची किंमत, धुण्यात गेलेली शाई आणि वीज एकत्र करून पानांनी भागली. एका पानाच्या पैशांत घरादाराने रविवारचं भाजलेलं मांस पोटभर खाल्लं असतं. ते हादरले. पण यातून मार्ग एकच निघत होता आणि तो गणितानेच दाखवला होता: बचत करायची तर छापायला हवं.

त्या दिवसापासून घरात छपाई सक्तीची झाली. मुलगी पेर्ला सरकारी इस्पितळात हंगामी परिचारिका होती. तिने मैत्रिणींचे फोनवरचे निरोप छापून मग वाचावेत असं ठरलं. देओलिंदाला पाककृती नेमून दिल्या गेल्या.

"मला मांदियोकाचे कंद उकडायला कागद लागत नाही," ती म्हणाली.

"तुला नाही लागत. दराला लागतो."

"आणि या कागदाचे पैसे?"

"कागद हा वेगळ्या लेखाशीर्षाखाली येतो," एरिबेर्तोंनी खुलासा केला. तो त्यांनी छापूनही दिला.

दर उतरू लागला. पण घरातली माणसं तीन, आणि तीन माणसांच्या आयुष्यात छापण्याजोगं फारसं काही घडत नाही. मग त्यांनी आळीत जाहीर केलं: कोणीही या, काय वाटेल ते छापा, फुकट.

आळी आली. पोरांचे गृहपाठ आले, चर्चची पत्रकं आली, फुटबॉल संघाची वेळापत्रकं आली. एकाचा कुत्रा हरवला होता, त्याची चित्रं छापली. कुत्रा संध्याकाळी परत आला तरी चित्रं छापणं चालू राहिलं, कारण दर उतरत होता. आळी समितीने एरिबेर्तोंना 'आळीचा आधारस्तंभ' असं मानपत्र दिलं. ते त्यांच्याच कागदावर, त्यांच्याच शाईने, रंगीत छापलेलं होतं. फोटोत ते किंचित जांभळे आले होते.

"या महिन्यात आपण मांस आणलेलं नाही," एका दुपारी देओलिंदा म्हणाली.

"या महिन्यात पान निम्म्यावर आलंय."

"कुठलं पान?"

"सरासरी पान."

"बरं. मग रात्री सरासरी पान उकडते."

न्या सेल्वाच्या खिडकीशी आता कोणी जात नव्हतं. ती थर्मास भरून बसायची आणि एकटीच पीत राहायची. एका सकाळी ती एरिबेर्तोंच्या दारात आली.

"कराई, जरा काम होतं. म्हाताऱ्याला काल भंगारवाला घेऊन गेला. मी बहिणीकडे काकुपेला चाललेय राहायला. तेवढी एक पाटी छापून द्या, 'दुकान बंद' म्हणून. खिडकीला लावते. लोक उगीच ताटकळायला नकोत."

बाकावरच्या दुपारी एरिबेर्तोंना आठवल्या. तिला आत बोलवावं, निदान पाणी विचारावं, असं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात प्रिंटर सुरू होण्याचा आवाज आला आणि मन निवलं. त्यांनी पाटी छापून दिली, फुकट. महिन्याचा आकडा जरा मागे होता, म्हणून वर आणखी काही प्रती काढल्या.

"एवढ्या कशाला?" न्या सेल्वा म्हणाली. "दुकान एकच होतं."

पुढच्याच महिन्यात पेर्लाच्या इस्पितळात कायमच्या जागा निघाल्या. हंगामी म्हणून तिने कितीतरी वर्षं वाट पाहिली होती. पदवी, अनुभव, लसीकरण, वर्तणूक, जन्म, सगळ्याच्या प्रती जोडून फाइल द्यायची होती. मुदत एक तारखेच्या दुपारी बारापर्यंत.

"पपा, आजच काढून ठेवू का?" तिने आठवडाभर आधी विचारलं.

"अगं, या महिन्याचा कोटा भरलाय. तुझी फाइल चांगली जाडजूड आहे. एक तारखेला सकाळी काढू, म्हणजे नवा महिना दणक्यात सुरू होईल."

"शेवटच्या दिवशी काही अडचण आली तर?"

"घरात प्रिंटर आहे आपल्या," एरिबेर्तो म्हणाले. तिने कागद परत कपाटात ठेवले.

एक तारखेला सकाळी त्यांनी कळ दाबली. प्रिंटर गुरगुरला, थांबला, आणि त्याच्या छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'या यंत्राचे सेवाकार्य पूर्ण झाले आहे. अधिकृत केंद्राशी संपर्क साधावा.' शाई काठोकाठ भरलेली होती. कागद होता. वीजसुद्धा होती.

एरिबेर्तोंनी एदगारला फोन लावला.

"अभिनंदन, कराई!" एदगार मनापासून म्हणाला. "फार कमी गिऱ्हाइकं इथवर पोचतात. यंत्राच्या पोटात वाया गेलेली शाई टिपणारा स्पंज असतो, तो भरला."

"मग बदला की तो!"

"अधिकृत केंद्रात बदलतात. अर्ज दोन प्रतींत, तुमच्या ओळखपत्राची झेरॉक्स, आणि यंत्राची चाचणी-प्रत जोडायची."

"चाचणी-प्रत म्हणजे?"

"त्याच यंत्रावर छापलेली."

फोन ठेवून बापलेक धावत निघाले. बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानासमोर रांग होती, आणि रांगेत उभी होती ती सगळी आपलीच आळी. एक तारीख असल्याने प्रत्येकाला कसली ना कसली प्रत हवी होती.

"काय कराई, आज बंद ठेवलंत?" आळी समितीचा अध्यक्ष जरा रागानेच म्हणाला. "पैसे देऊन छापायची पाळी आली आमच्यावर!"

"माझ्या पोरीला पुढे जाऊ द्या," एरिबेर्तोंनी हात जोडले. "बाराच्या आत पोचायचंय. नोकरीचा प्रश्न आहे."

रांगेने त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. कोणी पाऊल मागे घेतलं नाही. "घाई सगळ्यांनाच आहे," असं मागून कोणीतरी बोललं, आणि ते पटल्यासारख्या माना हलल्या.

ती दोघं भरती कार्यालयात पोचली तेव्हा खिडकीतला माणूस काच ओढून घेत होता. त्याने काचेतूनच फाइल पाहिली.

"प्रती फार स्वच्छ निघाल्यात," तो म्हणाला. "खिडकी बंद झाली. उद्या या."

"उद्या घ्याल?"

"नाही. पण आज बंद आहे."

तो आवाज एरिबेर्तोंच्या ओळखीचा होता. इतकी वर्षं तो त्यांच्याच गळ्यातून निघत असे, आणि काचेच्या बाहेरून तो कसा ऐकू येतो हे त्यांना कधी कळलं नव्हतं. मुलीने त्यांचा दंड धरला आणि त्यांना बाहेर आणून सावलीत बसवलं.

जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. हंगामी माणसांना त्याच महिन्यात कमी केलं गेलं. आमच्याकडच्या पोरी जातात तशी तीही सीमा ओलांडून ब्वेनोस आयरेसला गेली, कुणाच्या तरी म्हाताऱ्या बापाची सेवा करायला. बसजवळ देओलिंदाने चिपा-पावाच्या पुरचुंडीबरोबर मुलीचा हातही घट्ट धरून ठेवला होता. ड्रायव्हरने भोंगा वाजवल्यावर सोडला. एरिबेर्तो रडत होते.

"रडू नकोस, पपा," मुलगी म्हणाली. "दर खरंच कमी होता."

ती हे चेष्टेत म्हणाली की मनापासून, हे त्यांना आजवर उमगलेलं नाही. देओलिंदाला विचारलं, तर ती उठून आत जाते.

ही हकीगत लुकेभर झाली. लोक भेटायला येतात, आंब्याखाली बसतात, पेला फिरतो. पोरीचं वाईट झालं, न्या सेल्वाचंही वाईटच झालं, असं म्हणून मान हलवतात. मग जरा थांबून, घसा खाकरून, देओलिंदा आत गेल्याचं पाहून हळूच विचारतात, "ते असो, कराई. पण पान नेमकं कितीला पडत होतं?"

मीही ही गोष्ट पुष्कळांना सांगितली आहे. सगळे शेवटपर्यंत ऐकतात आणि शेवटी तेच विचारतात. तुमच्याही ओठांवर आलंय, दिसतंय मला. संकोच नको, आकडा मला ठाऊक आहे आणि लगेच सांगतो. फक्त त्याआधी तुम्ही मला त्या मुलीचं नाव सांगा. वर बघायचं नाही.