एकतीस चकचकीत कागद आणि एक साधा

शाळेच्या शेवटच्या परीक्षेत भिंगरीला त्रेपन्न टक्के पडले. ती एका जागी बसली असती तर आणखी पडले असते. पण मग तिला भिंगरी कोण म्हणालं असतं? पोहणं, वक्तृत्व, नाच, नाटक, लांब उडी मिळून एकतीस प्रशस्तिपत्रं मात्र तिनं घरी आणली होती, आणि कॉलेजात अशा मुलांसाठी आठ जागा राखीव होत्या. बाबांची सारी भिस्त त्या एकतीस कागदांवर होती.

बाबांचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान होतं. तोंडावर कौतुक करणं त्यांना कधी जमलं नाही. मुलीनं बक्षीस आणलं की ते कागद यंत्रात सरकवत आणि कडक, चकचकीत करून तिच्या हातात देत. तीच त्यांची शाबासकी.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी, तीन तास रांगेत उभं राहून पायांचे तुकडे पडल्यावर, दुपारी बारा वाजता ते दोघं खिडकीपाशी पोचले. कारकुनानं पहिलं प्रशस्तिपत्र उलटं केलं आणि पाठीवर शिक्का हाणला. शाई प्लास्टिकवर थेंबाथेंबांनी गोळा झाली. त्यानं अंगठा फिरवला, तर सगळा शिक्का अंगठ्यावर आला.

"हे काय करून ठेवलंय?"

"लॅमिनेशन. टिकावं म्हणून," बाबा म्हणाले.

"अहो, मागे शिक्का मारावा लागतो. एकच सर्टिफिकेट लोक दोन कॉलेजांत चालवतात. सगळ्यांना प्लास्टिक आहे?"

"एकतीसच्या एकतीस."

"काढून आणा मग. पाचला खिडकी बंद."

"झेरॉक्स दिली तर? मी स्वतः काढून..."

"झेरॉक्स चालत नाही. पुढचे कोण?"

दुकानात आई बसली होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं, दोन-चार तरी मोकळी राहू द्या." असं ती कधीच म्हणाली नव्हती, पण वाद घालायला बाबांच्या अंगात त्राण नव्हतं.

उष्णतेनं चिकटलेलं उष्णतेनंच सुटेल, असा बाबांनी हिशोब केला आणि पोहण्याचं प्रशस्तिपत्र पुन्हा यंत्रात घातलं. ते आधीपेक्षा घट्ट होऊन बाहेर आलं. मग त्यांनी इस्त्री काढली. वक्तृत्वाचा कागद पापडासारखा वळला आणि नाचाच्या कागदाला जाऊन चिकटला. शेवटी कटरचं पातं घेऊन कड उकलली आणि जोर लावून ओढलं. प्लास्टिक निघालं, पण अक्षरंही त्याच्याबरोबर निघाली. बाबांच्या हातात कोरा कागद उरला.

"बाबा, राहू द्या," भिंगरी म्हणाली. "इतकं पक्कं तुमच्याशिवाय कुणाला करता आलं नसतं."

बाबांना भरून आलं. मुलीचं वर्ष त्यांनी स्वतःच्या हातांनी बुडवलं होतं, आणि ती त्यांनाच समजावत होती.

"एक आहे बिनप्लास्टिकचं," आई एकदम म्हणाली. "स्वयंपाकघरात. चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये अंथरलंय."

बाबांनी मान खाली घातली. ते प्रशस्तिपत्र शाळेच्या संमेलनात खुर्च्या मांडल्याबद्दल होतं. हे काय मिरवायचं, म्हणून त्यांनी त्याला यंत्र दाखवलं नव्हतं.

साडेचारला चमच्यांचे वळ उठलेल्या त्या कागदावर शिक्का असा बसला, की कारकूनही क्षणभर बघत राहिला. दारात उभ्या बाबांकडे बघायचं टाळत भिंगरी आत मुलाखतीला गेली. प्राध्यापक बाई सकाळपासून गाणी आणि भाषणं ऐकून अर्धमेल्या झाल्या होत्या.

"तूही गाणार?" त्यांनी धास्तावून विचारलं.

"नाही. मी खुर्च्या मांडल्या होत्या. चारशे."

बाई सावरून बसल्या. "आणि उचलल्या कुणी?"

"मीच. बाकीचे जेवायला गेले होते. मोजल्या तर तीन कमी. दोन शिक्षकांच्या खोलीत सापडल्या. तिसरीवर वॉचमनकाका झोपले होते, म्हणून ती सकाळी नेऊन दिली."

बाईंनी शेजारच्या सरांकडे पाहिलं. "सर, आपल्याकडे गाणारे किती झाले?"

"सात."

"आणि गेल्या संमेलनानंतर खुर्च्या कुणी उचलल्या होत्या?"

"तुम्ही आणि मी," सर कंबरेला हात लावत म्हणाले.

आठवी जागा भिंगरीला मिळाली. पाच वाजले. हॉलमध्ये मुलाखतींच्या साठ खुर्च्या पसरलेल्या होत्या. कुणी काही सांगण्याआधीच ती त्या एकात एक घालायला लागली. बाबाही आत आले आणि त्यांनी दोन खुर्च्या उचलल्या.

"शाब्बास गं," ते तोंडानं म्हणाले. पहिल्यांदाच. भिंगरीच्या हातातली खुर्ची तशीच राहिली.

तेवढ्यात कारकून प्रवेशाची पावती घेऊन आला. कोरी करकरीत, साध्या कागदाची पावती. बाबांचे हात शिवशिवले.

"दर वर्षी मागे शिक्का मारायचा असतो," कारकून त्यांच्याकडे रोखून बघत म्हणाला.

बाबांनी पावती मुलीकडे दिली आणि पुढची खुर्ची उचलली.