एकतीस कलमं, तीन सभासद

कुलथे सरांनी सभासद मिळण्याआधीच नियमावली लिहिली. एकतीस कलमं. सभासद तिघे: ते स्वतः, राजूरच्या कॉलेजातले भांगरे सर आणि मी. नेवाशाच्या आमच्या कॉलेजात ग्रंथपाल मीच, त्यामुळे पळायला जागा नव्हती.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. गणित शिकवणाऱ्या कुलथे सरांनी ग्रंथालयासाठी कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहिला आणि फुकट वाटायला काढला. तो आतून कसा लिहिलाय, तेही फ्लॉपीवर उघडं. "घ्या, बदला, सुधारा. गावाची विहीर आहे ही!" म्हणायचे. पण कुणी पोहरा सोडला की नियमावली दाखवून अर्ज मागायचे.

सुचवलेला बदल नेवाशात येऊनच दाखवायचा, हे कलम सात. भांगरे सर एसट्या बदलत यायचे. पुस्तक परत आलं तरी घेणाऱ्याचं नाव यादीतून जात नसे. ही चूक त्यांनी दुरुस्त करून आणली. कुलथे सरांनी त्यावर चार रविवार चर्चा केली.

"घाई नको. सर्वानुमते होऊ द्या."

"अहो, तिघांत कसलं सर्वानुमत?" मी म्हटलं. "तिकडे ग्रंथालयात पोरं माझ्याशी भांडतायत!"

चौथ्या रविवारी भांगरे सर उठलेच. "सर, लई झालं. मूळ प्रतीत बदल करायचा हक्क मला द्या, न्हाईतर मी माझी प्रत येगळी काढतो. तुमची तुमाला लखलाभ."

ते गेले.

"माणूस हातचा चाललाय," मी म्हटलं. "आजच ठराव लिहा. कुठंय सभेची वही?"

"राहू द्या, मी लिहितो नंतर."

मी वही ओढून घेतली. वर्षभराच्या सभा, आणि ठराव एकही नाही. नुसत्या नोंदी: भांगऱ्यांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. त्यांच्या धाकटीला गणित आवडतं. आज भांगरे आणि ग्रंथपाल, दोघंही जेवून गेले.

"हक्क दिला की ते तिथंच बसून सगळं करतील," सर खिडकीकडे बघत म्हणाले. "मग इकडे कशाला येतील?"

मी पेन उघडून लिहिलं. ठराव पहिला: भांगरे सरांना पूर्ण हक्क. ठराव दुसरा: महिन्यातून एका रविवारी सगळ्यांनी एकत्र जेवावं, काम असो नसो.

"करा सही."

सरांनी सही केली. मग पेन न सोडता दुसऱ्या ठरावाखाली लिहिलं: पहिला रविवार राजूरला. मीच येतो.