सासऱ्यांच्या चेहऱ्याची बदकं

लग्नानंतर पहिल्यांदाच सासऱ्यांनी शिकारीला बोलावलं, आणि ऑर्लिन फुशारकीनं बोलून गेला, "खोटी बदकं माझ्याकडं लागली!" (नशीब फिरलं ते इथंच.)

खऱ्या बदकांना भुलवून खाली उतरवायला शेतात रोवतात त्या खोट्या बदकांचे दुकानातले भाव पाहून त्याला घाम फुटला. मग त्याला सासऱ्यांच्या कोठारात प्रचाराच्या प्लॅस्टिकच्या पाट्या दिसल्या; मागच्या निवडणुकीतल्या असणार, असं त्यानं धरलं. गुनार, म्हणजे सासरे, कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निवडणुकीला उभे राहत आणि दर वेळी पाट्यांवर तोच हसरा फोटो छापत. ऑर्लिननं पाट्या गुपचूप घरी नेल्या, बदकाच्या आकारात कापल्या आणि रंग वाचवायला एकाच बाजूनं रंगवल्या. मागच्या बाजूला, बरोबर बदकाच्या पोटावर, सासरे हसत राहिले.

शिकारीच्या दिवशी पहाटे पिकअपमध्ये गुनार गरजले, "माझ्या पाट्या चोरीला गेल्या! मतदान तोंडावर आलंय. हे माझ्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या हॅल्व्हरचंच काम! शेरीफला कळवलंय, पण चोर आधी मला सापडू दे. सोलून काढतो!"

"जुन्याच ना, बाबा?" ऑर्लिनचा आवाज चिरकला.

"कोऱ्या करकरीत! परवाच छापून आल्या. कापतोयस काय असा?"

"थंडी हो."

कापणी झालेल्या गव्हाच्या शेतात त्यानं अंधारातच सगळी बदकं रंगीत बाजू आपल्याकडं करून काठ्यांवर रोवली. मग भरलेल्या बंदुकीशेजारी आडवा झाला. बंदूक सासऱ्यांची होती. वारा पडू दे, एवढं एकच मागणं तो मागत होता. पण नॉर्थ डकोटात वारा कधी पडलाय?

उजाडलं. एक बदक काठीवर सावकाश वळलं. मग दुसरं. मग अख्खा थवा वळला, आणि शेतभरचे सासरे सासऱ्यांकडं बघून हसू लागले.

"जावई," गुनार हळूच म्हणाले. (ओरडणारे गुनार परवडतात.)

"बाबा, वर बघा! बदकं!"

खरी बदकं घिरट्या घालत आली आणि थेट त्या हसऱ्या चेहऱ्यांमध्ये उतरली. गुनारांनी बंदूक उचललीच नाही.

"माझं तोंड बघून आजवर कुत्रंसुद्धा थांबलं नाही रे," ते टोपी काढून म्हणाले. "आजच्या आज सगळ्या पाट्या हमरस्त्याला लाव. अश्शाच!"

जीव वाचला म्हणून ऑर्लिननं दुपारपर्यंत रस्त्याकडेच्या गवतात पाट्या रोवल्या, चेहरा रस्त्याकडं करून. संध्याकाळी शिकारी आपापल्या पिकअपमधून घरी निघाले. बहुतेकांना काही मिळालं नव्हतं. अंधुक उजेडात गवतात बदकांचे आकार दिसताच त्यांनी करकचून ब्रेक दाबले.

सकाळपर्यंत छर्ऱ्यांनी चाळण न झालेला एकही सासरा कौंटीत उरला नव्हता.

फोन वाजला. बायकोनं, मार्लिसनं, उचलला. बराच वेळ ती नुसतं "हो बाबा, हो बाबा" करत होती.

"काय म्हणतात?" टेबलाखालून ऑर्लिननं विचारलं.

"उद्या शिकारीला बोलावलंय तुला. खोटी बदकं आणू नकोस म्हणाले, तू एकटाच पुरेसा आहेस."