वासुभाऊंचा आठ दिव्यांचा राग

आमचे शेजारी वासुभाऊ राग मोजून धरतात. परवा मी त्यांच्याआधी त्यांचा पेपर उघडला, तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "मास्तर, तुमचे एकशे बारा झाले बरं."

आमच्या सिंदी रेल्वे या गावाहून वासुभाऊ रोज वर्ध्याच्या एका कॉलेजात जातात. तिथल्या कॉम्प्युटरांना इंटरनेटचे पत्ते वाटून देणं हे त्यांचं काम. हल्ली हे आपोआप होतं म्हणे. यांना ते पटत नाही. हे हातानं वहीत लिहितात. मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून एकदा मला ओट्यावर बसवून सगळं समजावलं. पत्ता म्हणजे चार आकडे, मधे टिंबं.

"टिंबं आपल्यासाठी, मास्तर. मशीनले टिंब समजत नाई. तिच्या डोक्यात चार खाने, एकाले लागून एक. एका खान्यात आठ दिवे, चालू नाई तं बंद. त्यात शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतच मावते. वरून एक टाकला का खाना शून्य!"

हाच नियम त्यांनी माणसांना लावला. वहीच्या मागच्या पानांवर प्रत्येकाचा एक खाना. चूक झाली की एक वाढवायचा. दोनशे पंचावन्नच्या वर गेला की शून्य, माणूस कोरा करकरीत. त्यांच्या पत्नी नलूवहिनी आजवर तीनदा शून्यावर आल्या आहेत. वहिनी म्हणतात, "मी यांचे मोजले असते तं वही पुरली नसती."

वासुभाऊंची धाकटी बहीण कमलताई नाचणगावला असते. गेल्या उन्हाळ्यात तिनं मुलाच्या लग्नाची पत्रिका मोबाईलवर पाठवली. दिवसभर कॉलेजचे निरोप तारेतून इकडचे तिकडे करणारा हा माणूस त्यावर भडकला. "सख्ख्या भावाले मोबाईलवर? अक्षत घेऊन यायले काय झालं होतं?" लग्नाला गेले नाहीत. बोलणं बंद झालं.

मला फार वाईट वाटलं. या दोघांना तिसरं भावंड नाही. वहीत ताईचे तेव्हा जेमतेम एकोणचाळीस. आणि अबोल्यात नवी चूक व्हायची कशी? खाना भरणार नाही, शून्य होणार नाही, आणि वासुभाऊ काही नियम मोडणार नाहीत.

मागच्या महिन्यात वही ओट्यावर उघडी दिसली. ताईच्या खान्यात दोनशे एकेचाळीस!

"ताई येऊन गेल्या काय?"

"नाई," म्हणाले, आणि वही ओढायला लागले. तेवढ्यात मी वाचलं. 'दिवाळीले फोन केला नाई. केला असता तरी मी उचलला नसता, तरी पण.' 'स्टेटसले फुलाचा फोटो लावला.' 'चार दिवस झाले, तेच फूल.' 'तिसरीत माही पाटी फोडली.' 'फोडून वरून हासली.' एका दिवसात अकरा चुका.

हा माणूस राग वाढवत नव्हता, संपवायची घाई करत होता. मग मीही एक भर घातली. म्हटलं, "वासुभाऊ, मागच्या खेपेला ताई मला न भेटताच गेल्या होत्या."

"लिहा, लिहा!" त्यांनी पेनच माझ्या हातात दिला.

रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, संत्र्यांची थैली घेऊन ते फाटकाशी उभे दिसले.

"झाले काय दोनशे छप्पन्न?"

"आत्ताच. चहा पेता पेता उचकी लागली. तिनंच आठवण काढली असन. धरला एक."

"खाना शून्य झाला, ठीक. पण हातचा आला, त्याचं काय?" मास्तरकी कुठे जाते!

वासुभाऊंनी फाटकाची कडी काढली. "माणसाले खाना एकच, हातचा ठेवाले बाजूले जागा नाई, मास्तर. सोडून द्यायचा." मग थैली या हातातून त्या हातात घेत हळूच म्हणाले, "भाचसून अजून पाह्यली नाई मी."

आणि स्टेशनच्या दिशेनं असे झपाझप निघाले, की साडीची पिशवी घेऊन वहिनींना मागून पळावं लागलं.