सेवियात असं न्हाई

जगूअण्णा माने कुठल्याही खुर्चीवर एकदम बसत नाहीत. आधी ती हलवून बघतात. पाठीला धरून दोन झटके पुढे, दोन मागे. खुर्ची डुगडुगली तर खिशातून पत्र्याची पातळ पट्टी काढतात, गुडघे मोडत खाली वाकतात, पायाखाली पट्टी सारतात आणि पुन्हा हलवतात. मग बसतात. कधी कधी बसतही नाहीत. "आता झ्याक झाली," म्हणतात आणि पुढे जातात.

हे त्यांनी सलूनमध्ये केलेलं आहे आणि बँकेतही केलेलं आहे. साताऱ्याला भाच्याच्या लग्नात नवरदेवाच्या लाल मखमली खुर्चीला केलं, तेव्हा नवरदेव त्या खुर्चीत बसलेला होता. एकदा आम्ही कॉलनीत एका घरी सांत्वनाला गेलो. गेलेल्यांच्या मुलाने खुर्ची पुढे केली. अण्णांनी ती हलवली, पट्टी सारली आणि गंभीरपणे म्हणाले, "वडलांनी एवढी वर्सं हिच्यावर कशी काढली रं?" तो मुलगा तीन दिवसांत पहिल्यांदा हसला आणि मग आधीपेक्षा जास्त रडला.

अण्णांचं कुपवाडला लेथचं छोटं वर्कशॉप होतं. मशीन एका पातळीत बसावं म्हणून खाली पत्र्याच्या पट्ट्या सारतात, त्याला ते लोक पॅकिंग म्हणतात. पस्तीस वर्षं ते काम केलेल्या माणसाला हलणारी वस्तू सहन होणार नाही, हे मी समजू शकत होतो. समजत नव्हता तो त्यांचा पुढचा प्रश्न. खुर्ची पसंत पडली की ते मालकाच्या जवळ जात आणि आवाज न उतरवता विचारत, "बाथरूम कुठं हाय?"

मालक बोट दाखवी. अण्णा जात आणि एका मिनिटाच्या आत परत येत. एवढ्या वेळात जे व्हायचं ते होणं शक्य नाही, असं माझं मत होतं आणि ते मी बऱ्याच लोकांना बोलून दाखवलं होतं.

साहजिकच गावाने अण्णांच्या दुखण्याचं निदान केलं. त्या वयात पुरुषांना होतं ते. कुणी गोखरूचा काढा सांगितला. कुणी मिरजेच्या डॉक्टरचा नंबर लिहून दिला. एकाने भर चौकात त्यांना स्वतःच्या ऑपरेशनची गोष्ट हातवाऱ्यांसह सांगितली. अण्णा प्रत्येकाला म्हणत, "व्हय, व्हय. बघतो घेऊन." कधी नाही म्हटलं नाही.

हे सगळं सुरू झालं ते सेवियाहून आल्यावर. सेविया म्हणजे स्पेनमधलं शहर. त्यांची मुलगी प्राजू तिथे नोकरीला आहे. गेल्या उन्हाळ्यात तिने आईवडिलांना तीन आठवडे नेलं. जायच्या आधी अण्णा सांगलीतले सगळ्यात लवकर झोपणारे गृहस्थ होते. साडेसातला जेवण, साडेनऊला घोरणं. पहिल्या पाळीची सवय. परत आले ते संध्याकाळचा रोग घेऊन आले.

"मास्तर," ते मला म्हणाले. मी मास्तर नाही, वाचनालयाचा ग्रंथपाल आहे, पण अण्णांच्या मते पुस्तकाला हात लावणारा प्रत्येक जण मास्तर. "मास्तर, तिथं सात वाजता आमी जेवायला भाईर पडलो. सगळी हाटेलं बंद. मी म्हटलं, कुणी गेलं का काय गावात? पोरगी म्हणती, बाबा, अजून दुपार हाय. नऊ वाजता ऊन हाय वो तिथं. साडेनऊला माणसं आंघोळी करून, भांग पाडून भाईर निघत्यात. लग्नाला निघाल्यागत."

मग ते सगळी संध्याकाळ उभी करत. नदीकाठी फेरी. एका दुकानात उभ्याउभ्या बशीभर ऑलिव्ह, दुसऱ्या दुकानात बशीभर पालक-हरभरा, तिसऱ्यात तळलेले छोटे मासे. पोट कुठेच भरायचं नाही, फक्त चालतं ठेवायचं. वर छताला डुकराच्या तंगड्या ओळीने टांगलेल्या आणि त्यातून गळणारं तेल खाली पडू नये म्हणून प्रत्येकीला एकेक छोटी वाटी लावलेली. "सलाईनच्या वॉर्डात बसून जेवल्यागत वाटतंय," अण्णा म्हणत, "पर सवय हुती."

एका रात्री प्राजूने त्यांना फ्लामेन्को बघायला नेलं. आपल्या बैठकीच्या खोलीएवढी खोली, एक गिटारवाला, एक गाणारा आणि मधोमध एक पन्नाशीची बाई. "आपल्यात पायात घुंगरू आसत्यात. हिच्या टाचंला खिळं ठोकल्यालं. आन् चेहरा असला की आमी फुडची लाईन सोडून मागं जाऊन बसलो." अण्णांच्या पत्नी शालनवहिनी मात्र पुढेच बसून राहिल्या. नाच संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या म्हणे, "हिला कुणीतरी लय बोललं असंल."

अण्णांची सगळ्यात आवडती गोष्ट त्यानंतरची. तिथून निघून ते एका चौकात टेबल मांडून बसले. प्राजूने आईसाठी काहीतरी लाल, बर्फ घातलेलं, लिंबाची चकती टाकलेलं मागवलं. वहिनींना वाटलं कोकम सरबत. उकडत होतं, एक ग्लास संपवला. बरा लागला म्हणून दुसरा मागवला. दुसरा अर्धा झाल्यावर प्राजूने सांगितलं की ती लिंबू-सोडा घातलेली वाईन आहे. आळंदीची माळ घातलेल्या बाईला तिच्याच लेकीने वाईन पाजली होती. वहिनींनी ग्लासकडे बघितलं, लेकीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता मागवलाय तर टाकायचा कशाला?"

साडेअकरा वाजले. अण्णा सवयीने उठले. तर वहिनी हातातला पंखा हलवत म्हणाल्या, "घरी जायची काय घाई हाय?"

"पस्तीस वर्सांत, मास्तर," अण्णा प्रत्येक वेळी इथे थांबत आणि प्रत्येक वेळी हसत, "पस्तीस वर्सांत हे वाक्य त्या बाईच्या तोंडातनं मी ऐकलं नव्हतं. आलीकडं तर कुठंबी न्या, बसायच्या आधी म्हणायची, चला आता घरी."

ही गोष्ट मी किमान अकरा वेळा ऐकली आणि अकराही वेळा ती वाईनची गोष्ट आहे असं समजून हसलो.

परत आल्यावर अण्णांना सांगलीत काही बरं दिसेना. रस्त्यातलं बाकडं मोडकं दिसलं, "सेवियात असं न्हाई." हॉटेलवाल्याने बिल आणून उभं राहून घाई केली, "सेवियात असं न्हाई." "नदी हाय, पूल हाय, भडंग हाय, उकाडा तर तिथल्यापेक्षा भारी हाय," ते म्हणत, "मग आपलं घोडं आडतंय कुठं?" आणि रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघत. एका गाडीवर दोन भजी. दुसरीकडे अर्धी भेळ. तिसरीकडे नुसतंच खुर्ची हलवणं. सगळीकडे बाथरूम. मग पुढचा चौक.

आमच्या वाचनालयासमोर इकबालभाईंची भेळेची गाडी लागते. गाडी म्हणायची, पण झाडाखाली टेबलं आणि चांगल्या हातांच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. अण्णांनी तिथल्या सगळ्या खुर्च्या हलवून एक निवडली होती. इकबालभाईंनी तिच्या पाठीवर खडूने फुलीही मारली होती. फक्त गाडीला बाथरूम कुठून असणार?

एक दिवस अण्णा वाचनालयात आले. मी कुलूप लावत होतो.

"मास्तर, हितलं बाथरूम साडेसातच्या फुडं उघडं ऱ्हाईल का? शनवारचं तरी?"

"अण्णा, नियमात बसत नाही. समितीला विचारावं लागेल."

"इचारा की."

"विचारतो."

मी विचारलं नाही. किल्ली माझ्याच खिशात असते, समितीतल्या कुणी गेल्या पाच वर्षांत ते बाथरूम पाहिलेलंही नाही, आणि नियम नावाचं जे मी सांगितलं ते खरं तर मला परत यायचा कंटाळा होता. मी पापभीरू माणूस आहे, पण माझी भीती पाप उरकल्यावर सुरू होते.

हे पाप मात्र इथे थांबलं नाही. कोजागरीला आमच्या कॉलनीच्या गच्चीवर दूध आटवतात आणि तोवर लोकांनी करमणूक करायची असते. दरवर्षी मी एक कंटाळवाणा उतारा वाचून दाखवतो. यंदा मला वाटलं, लोकांना हसवावं. मी जगूअण्णा केले. खुर्ची हलवली. खिशातून बसचं तिकीट काढून पॅकिंग केलं. "सेवियात असं न्हाई" म्हटलं. मग प्रत्येक पाच पावलांवर थांबून, मांड्या आवळून विचारलं, "बाथरूम कुठं हाय?" आणि शेवटी वाचनालयाच्या दारात येऊन, हात जोडून, "मास्तर, शनवारचं तरी!"

गच्ची हसून कोसळली. आयुष्यात माझ्यावर एवढे लोक कधी हसले नव्हते. सगळ्यात मोठ्याने अण्णा हसत होते. दुधाच्या पातेल्यापाशी शालनवहिनी डाव फिरवत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

घरी आल्यावर माझी बायको नीता चादरी जोरजोरात झटकून घालत होती. तिचं चादर झटकणं मला पाठ आहे. मी म्हटलं, "काय झालं?"

"अण्णांना काही दुखणं नाहीये," ती म्हणाली.

"मग?"

"वहिनींना आहे. चार वर्षं झाली. अर्ध्या तासाच्या वर धरवत नाही त्यांना. वर गुडघे. हाताची, न हलणारी खुर्ची नसेल तर उठता येत नाही. म्हणून त्या कुठे जातच नाहीत. लग्नाला नाही, फिरायला नाही. तिकडे म्हणे दर दहा पावलांवर दुकान आणि प्रत्येक दुकानात सोय. कुणी कुणाकडे बघत नाही. म्हणून बसल्या त्या रात्री तेवढा वेळ. अण्णा इथे त्यांच्यासाठी तशी जागा शोधतायत."

मी चादरीचं एक टोक धरून उभा राहिलो.

"त्या मला काय म्हणाल्या सांगू? 'माझं दुखणं त्यांनी सोताच्या अंगावर घेतलंय. सगळा गाव त्यांना हसतोय, हसू द्यात म्हणत्यात.' येत्या शनिवारी यायला तयार झाल्या होत्या. इकबालभाईंच्या गाडीवर. आता नाही म्हणतायत. आता त्या खुर्चीत बसून कुणी उठलं की सगळे हसणार, म्हणतात." नीताने माझ्या हातातून चादर ओढून घेतली. "आणि तू छान करतोस हो. हुबेहूब."

पुढचे तीन दिवस मी अण्णांना चुकवत होतो. चौथ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. दारात चपला काढतानाच सुरुवात केली, "अण्णा, परवाचं मी जे केलं, ते अत्यंत..."

"लय झ्याक केलंत," अण्णा म्हणाले. "फकस्त एक चुकलं. खुर्ची पाठीला धरून हलवायची. तुमी हाताला धरलीत. हाताला धरून अंदाज येत न्हाई."

"अण्णा, मला माहीत नव्हतं."

 अण्णा आतल्या खोलीकडे नजर टाकून हळू म्हणाले, "आता बी माहीत न्हाई, असंच ऱ्हाऊ द्या."

मी किल्ली काढून टीपॉयवर ठेवली. "शनिवारपासून वाचनालय दहापर्यंत उघडं. मी स्वतः थांबतो. बाथरूम धुऊन घेतलंय, आत दिवा लावलाय."

"आन् नियम?"

"सेवियात असं नाही," मी म्हणालो.

अण्णा हसले नाहीत. किल्ली उचलून त्यांनी माझ्याच खिशात टाकली आणि वरून थोपटली.

वहिनींना तयार करायचं काम नीताने घेतलं. तिने काय सांगितलं मला माहीत नाही. शनिवारी आठ वाजता आम्ही चौघे झाडाखाली होतो. अण्णांनी फुलीची खुर्ची दोनदा पुढे, दोनदा मागे केली. ती जराही हलली नाही, तरी त्यांनी पॅकिंग सारलंच. वहिनी बसल्या. पदराखालून सेवियाचा काळा पंखा निघाला. डास इतके होते की पंख्याला तिथल्यापेक्षा जास्त काम मिळालं.

आधी भेळ आली, मग भडंग, मग पलीकडच्या गाडीवरून चार भजी. इकबालभाई मधूनमधून येऊन अण्णांची खोडी काढत होते. वहिनींनी फ्लामेन्कोच्या बाईची गोष्ट सांगितली. त्यांच्या गोष्टीत ती बाई चिडलेली नव्हती, दमलेली होती. "घरचं सगळं उरकून आली असंल," त्या म्हणाल्या.

साडेनऊला मी सवयीने घड्याळ बघितलं. नीताने पर्स उचलली. वहिनी पंखा हलवत समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या.

"बसा की," त्या म्हणाल्या. "घरी जायची काय घाई हाय?"

अण्णा पटकन टेबलाखाली वाकले आणि पॅकिंग तपासू लागले. खुर्ची चांगली घट्ट उभी होती. ते बराच वेळ खालीच होते.

वर आले तेव्हा त्यांनी एकदा वहिनींकडे बघितलं आणि एकदम उठले. "आलो वो मी जरा," ते चार टेबलांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझं ते दुखणं. शाले, चल सोबत. त्या पायऱ्यांवर मला अंधारात दिसत न्हाई."

वहिनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या. दोघं रस्ता ओलांडून गेले. मी बसल्या जागेवरून बघत होतो. वहिनी आत गेल्या. अण्णा वाचनालयाच्या पायरीवर उभे राहिले, रस्त्याकडे तोंड करून, दार अडवून, एका हातात वहिनींची पर्स आणि दुसऱ्या हातात काळा पंखा. पंखा त्यांनी उघडून पाहिला आणि स्वतःला वारा घेतला.

इकबालभाई बश्या उचलायला आले. त्यांनी तिकडे बघितलं आणि मला डोळा मारला.

"काय मास्तर, अण्णांचं परत सुरू व्हय?"

"हो," मी म्हणालो. "फार त्रास आहे हो त्यांना."