रुळापलीकडचे, टेकडीवरचे आणि शनिवारची मारामारी

भांडण ही एकोप्याची पहिली पायरी आहे. ज्याला मारायला शत्रू नाही, त्याला जगात भाऊ मिळत नाहीत. एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमारास अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका गावाला हे तत्त्व पुरतं पटलं होतं, म्हणून तिथे पोरांच्या दोन टोळ्या होत्या. रेल्वेच्या रुळापलीकडचे गरीब; ते केसांना तेल चोपडत. टेकडीवरचे श्रीमंत; ते बापाच्या मोटारी उडवत. वैर का होतं ते कोणालाच आठवत नव्हतं (आठवलं असतं तर मिटण्याचा धोका होता).

पंधरा वर्षांचा वेंडेल प्रुइट रुळापलीकडचा. त्याचा थोरला भाऊ रॉइस टोळीचा म्होरक्या. या टोळीत प्रत्येक जण दुसऱ्यासाठी जीव द्यायला तयार असे. कंगवा मात्र कोणी कोणाला देत नसे.

शनिवारी दुपारी मैदानात मारामारी ठरली. सकाळ सोयीची नव्हती. पोरांना आपापल्या अंगणातलं गवत कापायचं होतं. रॉइस आणि टेकडीवरचा म्होरक्या गार्लंड यांनी आइस्क्रीमच्या दुकानात समोरासमोर बसून नियम केले. चाकू नाही, साखळी नाही. चष्म्यावर ठोसा नाही. दातांना तारा असलेल्यांच्या तोंडावर नाही. चर्चमध्ये गाणाऱ्यांचा गळा रविवार उलटेपर्यंत धरायचा नाही. द्वेष मनापासून असला की माणसाला शिस्त आपोआप लागते.

वेंडेलच्या वाट्याला टेकडीवरचा लीलँड आला, आणि तिथेच पंचाईत झाली. शाळेत त्या दोघांना मिळून एक बेडूक कापायला दिला होता. सुरी बघताच लीलँडला घेरी आली. वेंडेलने त्याला खिडकीशी नेलं, पाणी पाजलं, बेडूक एकट्याने कापला आणि कोणापाशी ब्र काढला नाही. तेव्हापासून लीलँड त्याला मधल्या सुट्टीत अर्धं सँडविच देई. शत्रूचं अन्न उघड्यावर खाणं बरं दिसत नाही, म्हणून वेंडेल ते जिन्याखाली खाई.

"रॉइस, मला दुसरा कोणीतरी दे ना," शुक्रवारी तो म्हणाला.

"का? फाटली?"

"नाही रे. तो पोरगा बरा आहे."

रॉइसचा कंगवा केसांतच थांबला. "बरा असला तरी टेकडीवरचाच ना! त्याला हाणणार नसशील तर आपण भाऊ कसले?"

"आपण भाऊ आईमुळे आहोत."

"ते घरचं झालं. मी टोळीचं बोलतोय."

शनिवारी अख्खं गाव मैदानाच्या कडेला हजर होतं. आयांनी तळलेली कोंबडी आणली होती, बापांनी घडीच्या खुर्च्या. मारामारी थांबवायला आलेले पोलीसप्रमुख शेरीफ पहिल्या रांगेत बसले (बंदोबस्त नीट दिसावा म्हणून).

वेंडेल आणि लीलँड मुठी वळून उभे राहिले.

"मार ना," लीलँड कुजबुजला.

"तू आधी."

"मला रक्त बघवत नाही, माहितीये ना तुला?"

"मग डोळे मिट."

लीलँडने खरंच डोळे घट्ट मिटले. वेंडेलला हसू फुटलं. ते ऐकून लीलँडलाही आवरेना. दोघं पोट धरून खाली बसले.

"हसतोस काय, गाढवा? इज्जत घालवलीस!" रॉइस धावत आला आणि त्याने वेंडेलवर हात उगारला. लीलँड धडपडत उठून मध्ये आला. तो जागचा हलला नाही.

"त्याला हात लावू नकोस."

"तू कोण रे त्याचा?"

"आमचा बेडूक एक होता," वेंडेल म्हणाला.

रॉइसने गार्लंडकडे पाहिलं. बेडकाविषयी नियम केलेला नव्हता. गार्लंडने खांदे उडवले आणि तोही हसू लागला. रॉइसचा हात हळूहळू खाली आला. त्याने तो वेंडेलच्या डोक्यावर ठेवला आणि त्याचे केस विस्कटले.

गावाला हे मुळीच रुचलं नाही. "रुळापलीकडचे भित्रेच!" टेकडीवरचे एक वकील ओरडले. उत्तरादाखल एक कोंबडीची तंगडी त्यांच्या कपाळावर आदळली. मग खुर्च्या उडाल्या. मोठ्यांनी नियम केलेले नसल्यामुळे चष्मे, दात आणि चर्चमधले गळे, काहीच वाचलं नाही. दोन्ही टोळ्यांची पोरं घामाघूम होऊन आपापले बाप ओढून काढत होती.

वाचकहो, शेवटी ठोसे पडले एकदाचे! पहिल्या ओळीपासून टाचा उंचावून त्याचीच वाट बघत होतात ना? आता जरा खाली बसा, मागच्यांना दिसत नाही.