तीन रिंगांच्या हुकुमाची बखर

श्रीगजाननाचें स्मरण करोन, आणि चार्जर घेतला कीं नाहीं हें दोनदां पाहोन, शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरीं, वैशाख वद्य पंचमी, मंदवार म्हणजे शनिवार, ते दिवशीं परमुलखीं जें घडलें तें जैसें पाहिलें तैसें लिहिलें असे. पदरचें कांहीं घातलें असेल तर तें राजकन्येच्या स्तुतीपुरतें, आणि तेंही खरेंच आहे.

एके राज्यींचे राजे, राणीसाहेब आणि राजकन्या ऐशीं तिघें पश्चिमेकडील मुलूख पाहावयास निघालीं. राजकन्या नववी सर करोन दहावींत दाखल जाहलेली, परम चतुर, बोलण्यांत कोणास हार न जाणारी. गादी राखावयास राजियांच्या मातोश्री मासाहेब घरीं राहिल्या. राजे फोनाचे खर्चाविषयीं फार कडवे. त्यांस कोणीं सांगितलें कीं परमुलखीं आपलें सिम चालूं राहिलें तर नुसतें 'हॅलो' म्हणतां राज्य बुडतें. मग राजियांनीं विमानांतच तिघांचीं सिमें टाचणीनें काढविलीं, आणि कुंकवाच्या रिकाम्या डबींत घातलीं, आणि डबी कमरेच्या पिशवींत कोंबिली, आणि तेथील बाजारीं एकच स्वस्त सिम घेऊन आपल्या फोनांत बसविलें, आणि हुकूम केला, "माझ्या हॉटस्पॉटावर दोघींनी चालायचं. दहा पावलांच्या आत राहा आणि हवं तेवढं बोला." म्हणजे दहा पावलांपर्यंत राज्य आणि अकराव्या पावलास अरण्य. मासाहेबांपाशीं मोबाइल नाहीं, दिवाणखान्यांत जुना काळा फोन आहे, त्याविषयीं त्यांस निघतेवेळींच निराळा हुकूम जाहला होता. "आई, तिकडून फोन वाजला तर उचलायचा नाही. उचललास की मीटर पडला. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे जेवलो. तीन म्हणजे मुक्काम हलवला. तू फक्त मोजायच्या." मासाहेब बोलिल्या, "आणि तुम्हांला काही झालं तर किती रे?" राजे बोलिले, "काही होत नाही गं." आणि त्या रिंगांचा आंकडा ठरलाच नाहीं.

मग सदरहू मंदवारीं दोन प्रहरीं जेवणासाठीं नदीकांठच्या बागेंत जावें ऐसें ठरलें. राणीसाहेबांस साखरेचा विकार, म्हणोन जेवणाआधीं अर्धा तास घ्यावयाची गोळी त्यांनीं घेतली, जीवर वेळेवर अन्न न पडे तर साखर उतरोन घेरी येते, आणि दशम्यांचा डबा राजकन्येच्या पाठपिशवींत होता. ट्राम आली. राणीसाहेब आधीं चढल्या, आणि राजे नकाशा उलटा कीं सुलटा याचा निवाडा करीत खालींच राहिले, आणि दारें मिटलीं. राणीसाहेबांनीं कांचेवर हात मारिला, कांहीं बोलिल्या, तें ऐकूं आलें नाहीं, आणि ट्राम गेली. राजियांनीं सवयीनें त्यांस फोन लाविला. राणीसाहेबांचें सिम डबींत, डबी राजियांच्याच पोटावर! राजकन्या बोलिली, "बाबा, आईनं गोळी घेतलीय. डबा माझ्याकडे आहे." तेव्हां राजियांच्या मुखावरील रंग उडाला. ते बोलिले, "किती वेळ झाला?" "वीस मिनिटं."

मग पाठोपाठ आलेल्या ट्रामींत दोघें चढलीं, तों ती पुलापाशीं डावीकडे वळली आणि भलत्याच पेठेस गेली. मग उतरोन, धांवत, पहिल्या जागीं परत आलीं, तों राणीसाहेब तेथेंही नाहींत. हॉटेलाचें नांव त्यांस ठाऊक नाहीं, तेथील भाषा येत नाहीं, पैका सगळा राजियांच्या कमरेस. राजियांनीं कालच घेतलेला नंबर तर राजियांसही पाठ नव्हता. राजकन्या विचार करोन बोलिली, "आईला एकच नंबर पाठ आहे. घरचा. ती कुणाचा तरी फोन मागून घरीच करणार." हें राजियांस पटलें आणि त्यांनीं घरीं फोन लाविला. एक वाजली, दोन वाजल्या, सात वाजल्या, कोणी उचलीना. पुन्हां लाविला, बारा वाजल्या. राजे रस्त्यांत उभे राहोन ओरडों लागले, "उचल ना गं आई! उचल!" येणारेजाणारे थांबोन पाहों लागले. राजकन्या हळूच बोलिली, "बाबा, ती नाही उचलणार. तुम्हीच सांगितलंय." राजियांनीं फोन कानावरून खालीं घेतला.

तेव्हां राजकन्येनें फोन राजियांच्या हातचा ओढोन घेतला, आणि खालच्या मजल्यावरील कालिंदीकाकूंस व्हिडिओ कॉल लाविला. काकू पीठ मळीत होत्या. राजकन्या बोलिली, "काकू, हात धुऊ नका, तशाच वर जा, आजीला फोन उचलायला सांगा, आई हरवलीय." काकू पिठाच्या हातीं जिना चढल्या, आणि पडद्यावर कधीं भिंत, कधीं काकूंची हनुवटी, ऐसें दिसत दिसत मासाहेब दिसल्या. मांडीवर कॅलेंडर, हातीं पेन्सिल. मासाहेब बोलिल्या, "कालिंदे, हात लावू नकोस फोनला, मीटर पडेल! आज पोरं सारखी जेवतायत गं. अठ्ठावीस झाल्या. मधे तर सलग नऊ, म्हटलं तीन वेळा मुक्काम हलवला की काय." त्या नऊ राणीसाहेबांच्या होत्या, हें सर्वांस एकदमच कळलें. काकूंनीं हकीकत सांगितली. मासाहेबांच्या हातची पेन्सिल खालीं पडली.

मग सर्व जण त्या काळ्या फोनाकडे पाहात बसले, आणि तो वाजेना. इकडे परमुलखीं राजे आणि राजकन्या फुटपाथावर उकिडवीं बसोन तळहाताएवढ्या पडद्यांत तोच फोन पाहात होतीं. गोळीस पाऊण तास होत आला. राजे बोलिले, "तिनं नाद सोडला असेल. कोण उचलत नाही म्हटल्यावर..." राजकन्या बोलिली, "आई नाद सोडत नाही." तों फोन वाजला! मासाहेबांनीं हात पुढें केला, आणि रिसीव्हरावर ठेवोन थांबल्या, आणि पडद्याकडे वळोन लेकास पुसतात, "उचलू?" "उचल!" ही राजियांची गर्जना ट्रामीच्या घंटेहूनही मोठी जाहली.

काकूंनीं मोबाइल रिसीव्हरास चिकटविला. आंतून राणीसाहेबांचा शब्द आला, "हॅलो, आई? पटकन बोलते, फुलवाल्या बाईंचा फोन आहे, त्यांना पैसे पडतील. स्टॉपवरचं वायफाय ओटीपी मागतं, आणि ओटीपी यायचं सिम यांच्या डबीत!" राजे ओरडले, "अगं, तू आहेस कुठे?" "ओरडू नका. सकाळी तो दगडी मासा पाहिला ना, तोंडातून पाणी येणारा, त्याच्यासमोर. हात जरा थरथरतायत." राजकन्येनें सकाळींच त्या माशाचा फोटो काढिला होता. मासाहेब बोलिल्या, "सुमेधा, त्या बाईकडे साखर माग." "अहो आई, असं कसं मागू? आधीच फोन मागितलाय." "माग म्हणते ना! फोन मागायला लाज वाटली नाही, साखर मागायला वाटते? खूण कर, खाऊन दाखव, काहीही कर!"

मग राजियांनीं फोटो दाखवीत दाखवीत वाट पुसली, आणि दोघें ऐसीं धांवलीं कीं राजियांची एक चप्पल नदीकांठीं राहिली. माशासमोर राणीसाहेब फुलांच्या बादल्यांमध्यें स्टुलावर बसल्या होत्या, कपाळीं घाम, गालांत साखरेचा खडा. राजियांनीं डबा उघडला आणि पहिला घास स्वहस्तें भरविला. राणीसाहेब बोलिल्या, "लोक बघतायत." राजे बोलिले, "बघू देत." मग राजियांनीं कमरेची डबी काढिली, आणि राणीसाहेबांचें सिम टाचणीवांचून, कानांतल्याच्या दांडीनें, जागचे जागीं बसविलें.

दुसरे दिवशीं सकाळीं राजियांनीं खुशालीची एकच रिंग द्यावी म्हणोन घरीं फोन लाविला. पहिली रिंग पुरी वाजलीही नाहीं तों मासाहेबांनीं उचलला, "काय झालं रे?" राजे बोलिले, "काही नाही. पोचलो." मग मायलेंक बावीस मिनिटें बोलत होतीं, आणि राजियांनीं घड्याळाकडे पाहिलें नाहीं. इतकेंच वर्तमान. राजकन्येनें फोन ओढोन घेतला म्हणोन राज्य राहिलें, हें ज्यास मान्य नसेल त्यानें कालिंदीकाकूंस पुसावें.